आरशात दार नको, रस्ता दिसू द्या

धरणगावहून जळगावला मी रोज स्वतः गाडी चालवत जाते. पाळधीला महामार्गाला लागायचं, बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडायचा आणि शहरात शिरायचं. तीन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर डावीकडच्या पेट्रोल पंपाकडे वळताना माझ्या दाराला अगदी लागून एक मोटारसायकल निघाली. नवरा-बायको, आणि पुढे टाकीवर बसवलेलं लहान लेकरू. मी इंडिकेटर दिला होता. डाव्या आरशात पाहिलंही होतं, तिथे कुणीच नव्हतं. त्या भाऊंनी ब्रेक दाबला, मी स्टिअरिंग परत ओढलं, म्हणून निभावलं. पंपावर गाडी उभी केली तेव्हा माझे हात थरथरत होते.

संध्याकाळी घरी हे सांगितलं. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, उभं आयुष्य ट्रॅक्टर आणि जीप चालवली आहे. त्यांनी मला अंगणातल्या गाडीत नेहमीसारखं बसायला लावलं आणि विचारलं, डाव्या आरशात काय दिसतं? मी म्हटलं, मागचं दार, त्याचं हँडल, डिकीची कड आणि थोडा रस्ता. ते म्हणाले, "आरसा गाडी देखाले शे का रस्ता देखाले?"

हा लेख त्या प्रश्नापासून सुरू होतो. ड्रायव्हिंग शिकताना मला क्लच, गियर, उतारावरचा हँडब्रेक सगळं शिकवलं गेलं. आरशांबद्दल मात्र एकच वाक्य: "मागचं दिसेल असे लावा." मागचं म्हणजे नेमकं काय, कुठून कुठपर्यंत, हे कुणी बोललं नाही. नंतर मी घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या गाडीत बसून पाहिलं. बहुतेकांच्या आरशाचा चौथा हिस्सा, काहींचा तर तिसरा हिस्सा, त्यांच्या स्वतःच्या गाडीनेच अडवलेला होता. आपली गाडी आपल्या मागे आहे हे आपल्याला ठाऊक असतं. ती आरशात पाहून कळायचं काहीच नसतं.

या गाड्यांत अडचण नेमकी कुठे आहे

चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या उंच गाड्यांना आपण कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणतो. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, थ्री एक्स ओ ही त्यातली रोज दिसणारी नावं. खान्देशात या गाड्या झपाट्याने वाढल्या. गावाकडच्या रस्त्याला उंची लागते, शहराच्या गल्लीला छोटी लांबी लागते, आणि दोन्ही गरजा ही एक गाडी भागवते. पण चालवणाऱ्याच्या नजरेच्या बाबतीत तिच्या तीन खोडी आहेत.

पहिली, मागची काच लहान आणि उंचावर असते. दुसरी, मागच्या दाराच्या खिडकीची खालची रेघ मागे जाताना वर चढत जाते आणि तिच्यामागचा खांब जाड असतो, त्यामुळे मान वळवून पाहिलं तरी तिरकं मागचं फारसं दिसत नाही. तिसरी, आपण उंच बसतो. लांबचं छान दिसतं, पण दाराजवळची बुटकी वस्तू, म्हणजे मोपेड, सायकल, पोर, शेळी, खिडकीच्या रेघेखाली दडते.

मधला आरसा सपाट असतो, त्यात अंतर खरं दिसतं. बाजूचे आरसे आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत बाहेरच्या अंगाला फुगीर, म्हणजे बहिर्वक्र असतात. त्यात जास्त रुंद भाग मावतो, पण प्रत्येक वस्तू लहान दिसते आणि म्हणून आहे त्यापेक्षा लांब वाटते. आरशावर इंग्रजीत बारीक अक्षरांत तीच सूचना छापलेली असते. म्हणून वाटणी अशी लक्षात ठेवा: बाजूच्या आरशात कुणी आहे की नाही ते पाहायचं, आणि किती लांब आहे ते मधल्या आरशात.

आणि ज्या पट्ट्यात माझी ती मोटारसायकल होती, तो म्हणजे ब्लाइंड स्पॉट, आपल्या भाषेत आंधळा कोपरा. मधल्या आरशातून ती निसटली होती, बाजूच्या आरशात शिरली नव्हती, आणि डोळ्याच्या कडेलाही अजून आली नव्हती. तुम्ही ५० च्या वेगात आहात आणि मोटारसायकल ६० ने येतेय असं धरा. फरक ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास. आंधळा पट्टा पाच मीटर लांब असेल तर ती त्यात जवळजवळ दोन सेकंद असते. तेवढ्यात तुम्ही आरसा पाहून वळायला सुरुवातही करता. आणि दोघांचा वेग सारखाच असेल तर ती त्या कोपऱ्यात मिनिटभरही राहू शकते.

हा पट्टा आरसे नीट लावून बराचसा मिटवता येतो, हे अमेरिकेतले अभियंते जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ साली तिथल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडलेल्या निबंधात भूमितीनिशी दाखवलं. त्यांची रीत स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाड्यांसाठी होती. खाली मी ती आपल्या उजव्या स्टिअरिंगप्रमाणे उलटवून दिली आहे, आणि इथल्या रस्त्यांवर वापरून जिथे थोडी मुरड घालावी लागली तिथे ती घातली आहे.

आधी जागा, मग सीट, मग आरसे

सपाट जमीन हवी. शाळेचं मैदान, मार्केट यार्डाचं रिकामं आवार, गावाबाहेरचं लग्नाचं लॉन, काहीही चालेल. मागे निदान वीस-पंचवीस मीटर मोकळं असू द्या. एप्रिल-मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत उरका. आपल्याकडे त्या दिवसांत पारा ४५ च्या घरात जातो आणि अकरानंतर आरशाच्या काळ्या टोपणाला हात लावणं नकोसं होतं. सोबत एक माणूस आणि एक दुचाकी हवी, ती का ते पुढे येईलच.

आरसे ओल्या कापडाने पुसून घ्या. कोरड्या कापडाने आपल्याकडची धूळ घासली की तिच्यातल्या बारीक रेतीने काचेवर ओरखडे पडतात, आणि रात्री मागच्या गाडीचा दिवा प्रत्येक ओरखड्यावर फुटून डोळ्यात येतो. आधी पाण्याने धूळ वाहू द्यायची, मग पुसायचं.

आता सीट. या पायरीवर बहुतेक जण घाई करतात आणि पुढचं सगळं वाया जातं. आरसा तुमच्या डोळ्यांच्या जागेवरून लावला जातो, डोळे हलले की आरसा चुकला. म्हणून पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवून बसा. क्लच तळापर्यंत दाबा, गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. क्लच नसलेल्या गाडीत हेच ब्रेकवर पाहा. खांदे सीटला टेकलेले ठेवून हात लांब करा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पडलं पाहिजे. सीटची उंची बदलायची सोय असेल तर ती आत्ताच ठरवून टाका. मी उंचीने कमी आहे, म्हणून सीट वर घेते, पण एवढीच की डोक्यावर चार बोटं जागा राहील आणि बोनेटची कड दिसेल. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या रेषेत आणा.

रोज चप्पल घालून चालवत असाल तर आत्ताही चप्पलच घाला, चष्मा लावत असाल तर तोही. मला चष्मा आहे, आणि त्याच्या जाड दांडीने डोळ्याच्या कडेचं थोडं झाकलं जातं, हे मला हे काम करतानाच पहिल्यांदा समजलं.

मधला आरसा

हा सोपा आहे. मान न हलवता मागची काच चारी कडांनिशी आरशात बसली पाहिजे. स्वतःचा कान, केस, मागे बसणाऱ्याचा चेहरा दिसत असेल तर आरसा थोडा वळवा. आरशाखाली रात्रीसाठीची छोटी कळ असेल तर ती आधी दिवसाच्या बाजूला ठेवा आणि मगच आरसा बसवा, नाहीतर रात्री कळ फिरवल्यावर मागची काच नाहीशी होऊन छत दिसेल.

मागच्या काचेजवळचा पसारा काढा. टिश्यूचा डबा, उशा, शाली, देवाचा प्रसाद, सगळं. मागे कुणी बसलेलं नसेल तर मागचे हेडरेस्ट खाली दाबा. मधल्या आरशाला लटकवलेली माळ किंवा खेळणंही काढा. ते आरशाखाली झुलत असतं आणि समोरून डावीकडून येणारी दुचाकी त्याच्याआड जाते.

उजवा आरसा

इग्निशन चालू करा, मोटरचे आरसे त्याशिवाय हलत नाहीत. ड्रायव्हरच्या दारावर डावा-उजवा निवडायचं बटण आणि चारी दिशांचा नॉब असतो. साध्या मॉडेलमध्ये आरशाच्या बुडाशी आतल्या बाजूने दांडी असते, काम तेच.

आता डोकं उजवीकडे झुकवा, इतकं की कान खिडकीच्या काचेला लागायला आलाय. तिथून पाहत उजवा आरसा बाहेर वळवत न्या, आपल्या गाडीची मागची कड आरशाच्या आतल्या काठावर नुसती धाग्याएवढी उरेपर्यंत. मग सरळ बसा. आता आरशात तुमची गाडी अजिबात दिसणार नाही. पहिल्यांदा हे फार विचित्र वाटतं, आरसा बिघडलाय असंच वाटतं. दुसऱ्या दिवशी मी तो परत आत घ्यायला निघाले होते. तो मोह आवरा.

वर-खाली करताना क्षितिजाची रेघ पाहा, म्हणजे दूरवर रस्ता आणि आभाळ जिथे भेटतात ती जागा. ती आरशाच्या मधोमध किंवा किंचित वर हवी. उंच गाडीत मी ती थोडी वर घेते, म्हणजे खालच्या अर्ध्यात रस्ता जास्त मावतो आणि जवळ आलेली मोपेड सुटत नाही. पण फार वर नेली तर लांबून वेगात येणारी ट्रॅव्हल्स आरशाच्या वरच्या काठाला चिकटते आणि उशिरा लक्षात येते.

नॉब अलगद दाबा. आरसा जेवढ्या कोनात फिरतो त्याच्या दुप्पट कोनात नजर फिरते, हा प्रकाशाचा नियम आहे. आरसा एकच अंश वळवला तर वीस मीटर मागे तुमची नजर सत्तर सेंटिमीटर सरकते, म्हणजे दुचाकीच्या अख्ख्या रुंदीएवढी. दाबून धरू नका, एक-एक ठोका द्या.

डावा आरसा, ज्याला ट्रकवाले क्लीनर साइड म्हणतात

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. हा आरसा तुमच्यापासून लांब आहे, म्हणून त्यात मावणारा रस्ता आधीच कमी. त्यात शेजारी बसलेला माणूस पुढे वाकला की तो आरसा झाकतो. आणि आपल्याकडे डावीकडून घुसणाऱ्या दुचाक्या, सायकली, रस्त्याकडेने चालणारी माणसं, सगळा धोका त्याच बाजूला. जळगावात अजिंठा चौफुलीला सिग्नल सुटताना डावीकडची अवघ्या हातभर रुंदीची फट पाहा. त्यातूनही दोन मोटारसायकली निघतात.

डोकं डावीकडे, गाडीच्या मधोमध न्या, म्हणजे दोन सीटांच्या बरोबर मध्ये, मधल्या आरशाच्या खाली. तिथून पाहत डावा आरसा बाहेर वळवा, गाडीची कड आतल्या काठावर धाग्याएवढी राहीपर्यंत. सरळ बसल्यावर इथेही गाडी दिसणार नाही.

इथे मी पुस्तकी रीतीला मुरड घालते. महामार्गावर ही मांडणी उत्तम आहे. पण अमळनेर, चोपडा, शहादा अशा गावांच्या बाजारातून, दोन्ही बाजूंना हातगाड्या लागलेल्या रस्त्यातून जाताना दाराला काय घासतंय हे कळायला स्वतःच्या गाडीची एखादी खूण लागते. म्हणून नवशिक्यांना मी सांगते: पहिले पंधरा दिवस डाव्या आरशात मागच्या दाराच्या हँडलची फक्त कड, करंगळीच्या नखाएवढी, दिसू द्या. त्याहून जास्त नको. नजर बसली की तीही काढा. ज्यांची गाडी गावातच फिरते आणि महामार्गाला महिन्यातून एकदा लागते, त्यांनी ती कड कायम ठेवली तरी माझी हरकत नाही, फक्त डावीकडे वळताना खांद्यावरून एक नजर टाकायची सवय त्यांनी पक्की करावी.

क्षितिजाची रेघ उजव्या आरशासारखीच.

दुचाकीची परीक्षा

आरसे लावले म्हणजे काम झालं नाही, ते तपासायचे असतात. सोबतच्या माणसाला दुचाकी घेऊन गाडीच्या वीस मीटर मागे पाठवा. तुमची गाडी उभीच, इंजिन बंद. त्याने चालण्याच्या वेगाने, गाडीपासून दीड मीटर बाजूने, आधी उजवीकडून आणि मग डावीकडून पुढे जायचं. तुम्ही मान सरळ ठेवून फक्त डोळे फिरवायचे आणि मोठ्याने बोलत राहायचं: मध्ये, मध्ये, बाजूला, बाजूला, दिसला.

व्हायला हवं ते असं. दुचाकी मधल्या आरशाच्या कडेतून निसटायच्या आधीच तिचं पुढचं चाक बाजूच्या आरशाच्या आतल्या काठावर उगवलं पाहिजे. मग ती बाहेरच्या काठाकडे सरकते. तिथून ती पूर्ण जायच्या आधी तिचं हँडल तुमच्या डोळ्याच्या कडेला, खिडकीतून, प्रत्यक्ष दिसलं पाहिजे. हातातून हातात घागर द्यावी तशी ती एका आरशाने दुसऱ्याला आणि त्याने डोळ्याला द्यायची. मध्ये कुठेही "गेला" असं म्हणावं लागलं तर तिथे फट आहे.

मधल्या आणि बाजूच्या आरशामध्ये फट असेल तर बाजूचा आरसा फार बाहेर गेलाय, एक ठोका आत घ्या. बाजूचा आरसा आणि डोळा यांच्यात फट असेल तर तो अजून आत आहे, एक ठोका बाहेर. पुन्हा दुचाकी फिरवा. माझ्या धाकट्या भावाने माझ्यासाठी सात फेऱ्या मारल्या होत्या. सातव्या फेरीला डाव्या बाजूची फट मिटली. डाव्या बाजूला थोडी फट शेवटपर्यंत राहू शकते, कारण मागचा खांब आणि शेजारचं सीट नजर अडवतात. ती किती आहे, हे तुम्हाला आता माहीत झालेलं असतं. खांद्यावरून नजर कुठे टाकायची ती हीच जागा.

मग तीच परीक्षा शेजारी माणूस बसवून करा. डाव्या आरशात किती फरक पडतो ते बघून तुम्हीच त्याला पाठ टेकून बसायला सांगाल.

चालवताना

गाडी चालू असताना आरशाचा नॉब धरू नका. चुकलाय वाटलं तर बाजूला थांबा.

सरळ रस्त्यावर आठ-दहा सेकंदांनी एकदा मधला आरसा. लेन बदलायची किंवा वळायचं असेल तर क्रम ठरलेला: मधला आरसा, ज्या बाजूला जायचंय तो आरसा, इंडिकेटर, पुन्हा तोच आरसा, खांद्यावरून नजर, मग स्टिअरिंग. दुसऱ्यांदा पाहणं गाळू नका. पहिल्या आणि दुसऱ्या नजरेत दोन सेकंद गेलेले असतात, आणि दोन सेकंदांचा हिशेब वर दिलाच आहे.

ओव्हरटेक करून परत डावीकडे येताना आपल्याकडे एक खास काळजी लागते. शहाद्याकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. जळगाव, धुळे जिल्ह्यांत दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या, त्यांचा फुगारा दोन्ही बाजूंनी हात-दीड हात बाहेर आलेला. सावदा, रावेरकडे केळीचे ट्रक. ट्रॅक्टरचं तोंड मागे पडलं म्हणजे आपण पुढे निघालो असं वाटतं, आणि डावा आरसा फुगीर असल्याने तो आहे त्यापेक्षा लांब दिसतो. म्हणून डाव्या आरशावर विसंबून आत येऊ नका. मधल्या सपाट आरशात त्याचे दोन्ही दिवे आणि त्याच्या पुढच्या चाकांपुढचा थोडा रस्ता दिसला की मगच या.

चौफुलीवर मात्र उलटा त्रास. या गाड्यांचे आरसे मोठे असतात, आणि आरसा व समोरचा तिरका खांब मिळून उजवीकडचा बराच भाग झाकतात. उजवीकडून येणारी अख्खी मोटारसायकल त्यामागे लपते, आणि तिचा वेग तुमच्याशी जुळला तर शेवटपर्यंत लपूनच राहते. चौकात शिरताना पाठ सीटवरून उचलून एकदा पुढे आणि एकदा मागे झुका. त्या एका हालचालीने झाकलेला भाग उघडतो.

घाटात, मग तो चाळीसगावहून कन्नडला चढणारा असो की तोरणमाळचा, अरुंद वळणावर डावा आरसा मागचं चाक गटाराच्या किती जवळ आलंय ते सांगतो. तिथे वेग कमीच असतो, तेव्हा डोकं थोडं डावीकडे झुकवा, बाहेर वळवलेल्या आरशातही गाडीची कड लगेच दिसते. ही युक्ती गावातल्या अरुंद गल्लीतही चालते. आरसा जागेवर राहतो, डोकं हलतं.

रात्री मागून ट्रकने दिवे मोठे ठेवले की काही जण बाजूचा आरसा खाली वळवून टाकतात. तसं करू नका. आरसे बाहेर लावल्याचा एक फायदा हाच, की थेट मागच्या गाडीचा उजेड त्यातून डोळ्यात कमी येतो. मधल्या आरशाची कळ फिरवा, तेवढं पुरतं.

मांडणी बदलावी लागते तेव्हा

लग्नसराईत डिकी छतापर्यंत भरली जाते, आहेराची भांडी, गाद्या, बॅगा. मागची काच बंद झाली की मधला आरसा कामातून गेला. अशा वेळी बाहेर लावलेले बाजूचे आरसे अपुरे पडतात, कारण ते थेट मागचं दाखवतच नाहीत, ती जबाबदारी मधल्याची होती. निघण्याआधी दोन्ही आरसे थोडे आत घ्या, मागच्या दाराचा बोटभर भाग दिसेल इतके. आंधळा कोपरा आता मोठा झाला आहे हे डोक्यात ठेवून चालवा, आणि सामान उतरलं की पुन्हा बाहेर.

मागे तीन माणसं आणि सामान असलं की गाडीचं बूड बसतं, बोनेट वर येतं आणि क्षितिजाची रेघ आरशात सरकते. एक-दोन ठोक्यांचं काम आहे, पण करा.

रिव्हर्स घेताना, ओट्याशेजारी किंवा उघड्या गटाराकडेला गाडी लावताना, डावा आरसा खाली झुकवला तर मागचं चाक दिसतं. काही वरच्या मॉडेलांत रिव्हर्स टाकल्यावर तो आपोआप झुकतो. हाताने झुकवत असाल तर निघण्याआधी परत वर घेतला की नाही, ते तपासा.

एकच गाडी घरात दोघं-तिघं चालवत असतील तर प्रत्येकाने बसताक्षणी सीट आणि तिन्ही आरसे पाहायचे. आमच्याकडे मी आणि माझा दीर, दोघांच्या उंचीत वीतभर फरक. मी माझ्या सीटची जागा रुळाच्या खाचा मोजून ठेवली आहे, पुढून सहावी. खाच एकदा ठरली की आरशाला दोन-तीन ठोके पुरतात.

आणि लांबच्या प्रवासात, समजा धुळ्याहून नागपूरकडे निघालात आणि दुपारनंतर आरसे खाली गेल्यासारखे वाटले, तर नॉबला हात लावू नका. आरसे जागेवरच असतात, तुम्ही सीटमध्ये घसरलेले असता. सरळ बसा, किंवा चहाला थांबा.

काच, जाळी आणि गोल आरसे

उन्हापायी पुढच्या दारांच्या खिडक्यांना काळी जाळी किंवा पडदा लावला जातो. आरसा त्या काचेतूनच पाहायचा असतो, त्यामुळे जाळीने दिवसा निम्मी नजर जाते आणि रात्री जवळजवळ सगळी. मागच्या दारांना लेकरांसाठी काही लावायचं तर समजू शकते, पुढच्या दारांना चालवताना काहीच नको. काचेला फिल्म लावणार असाल तर नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे.

आरशावर चिकटवायचा छोटा गोल आरसा स्वस्त मिळतो. डाव्या आरशाच्या बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात एक लावा, राहिलेली फट तो बरीच भरतो. त्यात सगळं मुंगीएवढं दिसतं, म्हणून अंतराचा अंदाज त्यावरून कधीच घेऊ नका. उजव्या आरशाला तो लागत नाही असं माझं मत आहे.

आरशाची काच फुटली तर गल्लीतल्या काचवाल्याकडून साध्या आरशाचा तुकडा कापून चिकटवून घेतला जातो. तो सपाट असतो. त्यात अंतर खरं दिसतं, पण मावणारा रस्ता एकदम आक्रसतो आणि तुम्ही इतक्या निगुतीने मिटवलेला आंधळा कोपरा पुन्हा उघडतो. आपल्या मॉडेलची, आपल्या बाजूची फुगीर काच मागा. पुष्कळदा नुसती काच मिळते, अख्खा आरसा बदलावा लागत नाही.

बाजारात कुणाचा धक्का लागून आरसा दुमडला गेला आणि तो बटणावर दुमडणारा असेल, तर हाताने रेटत बसू नका. बटणाने दोन-तीन वेळा बंद-चालू करा, खटका बसला की तो जागेवर येतो. त्यानंतरही काच धावताना थरथरत असेल तर आतली पकड सैल झाली आहे, ती बसवून घ्या, कारण थरथरत्या आरशात रात्री एका दुचाकीचा दिवा दोन दिसतो.

गाडी धुवायला किंवा सर्व्हिसिंगला दिली की परत येताना आरसे हललेलेच असतात. चावी घेतल्यावर तिथेच बसा, आधी उजवीकडे काचेपर्यंत, मग डावीकडे दोन सीटांच्या मध्ये डोकं नेऊन पाहा. दोन्हीकडे धाग्याएवढी कड दिसली की निघा.